अॅम्हर्स्टच्या स्वयंपाकघरातील कवयित्री

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात अॅम्हर्स्ट नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १८५६ साली भरलेल्या पशुप्रदर्शनात राय आणि मक्याच्या पिठाच्या पावाला दुसरे बक्षीस मिळाले. बक्षीस मिळविणारी होती गावातील नामांकित वकील एडवर्ड डिकिन्सन यांची पंचवीस वर्षांची मुलगी एमिली. पुढच्याच वर्षी त्याच पावाच्या परीक्षक मंडळावर तिची नेमणूक झाली. ती कविता लिहिते हे गावातल्या फारच थोड्या लोकांना ठाऊक होते, पण तिच्या हातचा पाव मात्र सर्वांना ठाऊक होता. वडील तर तिने भाजलेल्या पावाखेरीज दुसरा पाव खात नसत.

एमिली डिकिन्सनचा जन्म १० डिसेंबर १८३० चा. घर सुखवस्तू आणि धर्मनिष्ठ होते. वडील अॅम्हर्स्ट कॉलेजचे कोषाध्यक्ष होते आणि काही काळ अमेरिकन काँग्रेसचे सदस्यही. शाळेत असतानाच तिला वनस्पतिशास्त्राचा छंद जडला. त्या वयात तिने चारशेहून अधिक फुले-पाने वाळवून, दाबून एका वहीत सुबक चिकटविली. ती वही आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेली आहे. माउंट होल्योक येथील शिक्षण तिने एका वर्षात सोडले आणि ती घरी परतली. तिशी ओलांडल्यानंतर तिचे बाहेर जाणे हळूहळू थांबले. पुढे तर ती आल्यागेल्यालाही भेटेना.

यावरून तिची जी माणूसघाणी, पांढऱ्या वस्त्रांतली विरक्त स्त्री अशी प्रतिमा रूढ झाली, ती अर्धीच खरी आहे. घराचा उंबरठा तिने ओलांडला नसेल, पण त्या उंबरठ्यावरून काही ना काही सतत बाहेर जात असे. कोणाकडे लग्न असो, बाळ जन्मलेले असो, वाढदिवस असो की मृत्यू झालेला असो, डिकिन्सनांच्या घरातून एक पुडके निघे. त्यात वडिलांनी बांधून दिलेल्या काचघरातील फुले असत, घरी केलेला केक किंवा वाइन असे आणि सोबत दुमडलेला एखादा कागद. त्या कागदावर बहुधा चारआठ ओळींची कविता असे. आपल्याकडे दिवाळीत फराळाचे ताट रुमालाने झाकून शेजारी धाडण्याची रीत आहे, त्याच जातीचा हा व्यवहार होता. फरक इतकाच, की या ताटातला एक जिन्नस पुढे जगाच्या वाङ्मयात जमा व्हायचा होता.

शेजारच्या मुलांशी तर तिचे खास सूत होते. त्यांच्यासाठी ती आले आणि काकवी घातलेला जिंजरब्रेड भाजी आणि वरच्या खिडकीतून दोरीला बांधलेल्या टोपलीतून खाली सोडी. धर्मोपदेशकाचा मुलगा मॅकग्रेगर जेंकिन्स हा त्या मुलांपैकी एक. मोठेपणी त्याने या आठवणींवर पुस्तक लिहिले आणि म्हणूनच ही टोपली आपल्यापर्यंत पोहोचली.

तिच्या हातच्या काही पाककृती शिल्लक आहेत. १८८३ साली नेली स्वीट्सर या परिचित स्त्रीला तिने पुष्पगुच्छासोबत काळ्या केकची कृती लिहून पाठविली. मैदा, साखर आणि लोणी प्रत्येकी दोन पौंड, अंडी एकोणीस, मनुका पाच पौंड, शिवाय बेदाणे, जायफळ, लवंग, दालचिनी, काकवी आणि ब्रँडी! हा केक दोघातिघांसाठी नव्हे, आख्ख्या आळीत वाटण्यासाठीच असणार हे प्रमाणावरूनच दिसते. नारळाच्या केकची तिने उतरवून घेतलेली कृतीही उपलब्ध आहे. त्या कागदाची मागची बाजू कोरी होती, तिथे तिने एका कवितेचा खर्डा केला. दूध निरसण्याच्या थंड कोठीत उभ्या उभ्या ती कविता रचीत असे, अशी आठवण तिच्या मावसबहिणीने नोंदविली आहे. फाडलेली पाकिटे, चॉकलेटचे वेष्टन, जे हाती लागेल त्यावर ती लिही.

साधारण १८५८ ते १८६४ या काळात तिने आणखी एक हस्तोद्योग केला. निवडक कविता स्वच्छ अक्षरात उतरवून, कागद दुमडून, सुईने भोके पाडून ते दोऱ्याने शिवले आणि अशा चाळीस वह्या तयार केल्या. त्यांत आठशेहून अधिक कविता आहेत. या वह्या मात्र तिने कोणालाच दिल्या नाहीत. एकेक कविता तेवढी पत्रातून वाटली. शेजारच्याच घरात राहणाऱ्या सूझन या भावजयीला अडीचशेच्या वर, समीक्षक थॉमस हिगिन्सन यांना शंभराच्या आसपास. हयातीत छापल्या गेल्या त्या जेमतेम दहा, त्याही निनावी. छापखान्याविषयी तिला उदासीनता होती की भीती, यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. बाजारात काही मांडण्यापेक्षा ठाऊक असलेल्या एका माणसाच्या हाती ते देणे तिला अधिक मानवत असावे, असे मात्र या सगळ्यावरून वाटते. १८७० मध्ये हिगिन्सन प्रथमच भेटीला आले, तेव्हाही ती हातात लिलीची दोन फुले घेऊन सामोरी आली. हाच तिचा परिचय.

अशीच एक भेट तिच्याकडेही आली. १८८२ मध्ये अॅम्हर्स्टमधील प्राध्यापकाची पत्नी मेबल लूमिस टॉड हिने एका पांढऱ्या रानफुलाचे चित्र स्वतः रंगवून तिला पाठविले. परतभेट म्हणून गुंजनपक्ष्यावरची कविता गेली. दोघींची समोरासमोर गाठ कधीच पडली नाही. मेबल त्या घरी पियानोवर गाई, तेव्हाही एमिली आतल्या खोलीत बसून ऐके.

१५ मे १८८६ रोजी एमिलीचे निधन झाले. धाकटी बहीण लाविनिया हिला तिच्या खोलीत कवितांचा ढीग सापडला. सर्व मिळून कविता जवळजवळ अठराशे भरल्या. मेबल आणि हिगिन्सन यांनी १८९० साली त्यांतील ११५ निवडून पहिला संग्रह काढला. मुखपृष्ठावर तेच रानफूल होते. पुस्तक गाजले, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पण संपादकांनी कवितांना शीर्षके जोडली, विरामचिन्हे बदलली, कोठे कोठे यमकेही जुळवून घेतली आणि मूळ वह्यांची शिवण उसवून पाने सुटी केली. पुढे मेबल आणि लाविनिया कोर्टात भांडल्या आणि हस्तलिखितांचे दोन घराण्यांत वाटे झाले.

कवितांचे मूळ रूप प्रथम समग्र छापले गेले ते १९५५ साली, टॉमस जॉन्सन यांच्या संपादनाखाली. वह्यांचा क्रम लागायला मात्र १९८१ उजाडावे लागले. राल्फ फ्रँकलिन या अभ्यासकाने कागदांवरचे डाग आणि सुईची भोके एकमेकांशी ताडून पाहिली, आणि एमिलीने कोणते पान कोणत्या पानाशी शिवले होते ते शोधून काढले.