मंडालेतील जून महिना

परमुलखात राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती कायम असते : गावाकडच्या आजारपणाची, आणि आपण वेळेवर पोहोचू शकू की नाही याची. व्हाइटफील्डसारख्या दूरच्या वस्तीत संसार थाटलेल्या आपल्या कुटुंबांना हे वेगळे सांगावयास नको. म्हणून मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लोकमान्य टिळकांच्या आयुष्यातील एका महिन्याचे स्मरण करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांचे राजकारण सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या घरातील दुःखाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

मृत्यूशी त्यांची ओळख बालपणीच झाली. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस जन्मलेल्या बाळ गंगाधरांची आई पार्वतीबाई १८६६ साली वारली. १८७१ साली लाडघरच्या बाळ घराण्यातील तापी ही सत्यभामा होऊन टिळकांच्या घरी आली आणि पुढल्याच वर्षी वडील गंगाधरपंत निवर्तले. सोळाव्या वर्षी हा मुलगा पोरका झाला. १८९७ च्या प्लेगात पुणे ओस पडत असता ते शहर सोडून गेले नाहीत, रुग्णांसाठी इस्पितळ चालविले. पण १९०३ साली त्याच रोगाने त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ नेला.

२२ जुलै १९०८ च्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली. प्रथम साबरमती आणि सप्टेंबरात ब्रह्मदेशातील मंडाले. लाकडी फळ्यांची खोली, उन्हाळ्यात अंगाची लाही करणारी हवा, अंगात मुरलेला मधुमेह आणि त्यापायी पाळावयाचे कडक पथ्य, असा तेथील दिनक्रम होता. स्वयंपाकासाठी मिळालेला कुलकर्णी नावाचा मराठी कैदी हाच काय तो आपल्या भाषेचा सोबती. नोव्हेंबर १९१० मध्ये 'गीतारहस्य' लिहावयास घेऊन मार्च १९११ अखेर त्यांनी त्याचा खर्डा पेन्सिलीने पुरा केला.

इकडे पुण्यात सत्यभामाबाईही मधुमेहाने खंगत होत्या. ७ जून १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. एकेचाळीस वर्षांच्या संसाराचा शेवट बंदिवान पतीला तारेने कळला. त्यांचे वय तेव्हा पंचावन्न होते.

निष्काम कर्मयोगाचा एवढा ग्रंथ ज्याने नुकताच लिहिला, तो पुरुष या वार्तेने डळमळला नसेल, असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. भाचा धोंडोपंत विद्वांस यांना धाडलेल्या पत्रात, संकटे शांतपणे सोसण्याची सवय असूनही या आघाताने आपण फार हादरलो, हे त्यांनी झाकून ठेवले नाही. पत्नीच्या अखेरच्या घटकेस आपण सक्तीने दूर होतो, हेच शल्य त्यांना सर्वांत अधिक बोचले. परंतु शोकास त्यांनी पत्रात मोजकीच जागा दिली. मुलांनी खचून न जाता स्वावलंबन शिकावे आणि वडिलांचे आईबाप याहून लहान वयात गेले होते हे ध्यानी ठेवावे, अशी समज त्यांनी त्याच पत्रातून दिली.

आम्हांस या पत्राचा मोठेपणा येथेच दिसतो. दुःख झाले हे कबूल करण्यास त्यांचे तत्त्वज्ञान आड आले नाही, आणि मागे राहिलेल्यांची काळजी वाहण्यास त्यांचे दुःख आड आले नाही. हजारो कोस दूर, कोंडलेल्या अवस्थेत, अंत्यदर्शन हुकलेल्या माणसाच्या हाती एवढेच उरते : जे मागे आहेत त्यांना धीर देणे.

१६ जून १९१४ च्या रात्री पोलिसांनी त्यांना पुण्यास आणून सोडले. गायकवाड वाड्यात सत्यभामाबाई नव्हत्या. सरकारने ठेवून घेतलेल्या वह्या परत मिळाल्या आणि १९१५ साली 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले. पुढे १ ऑगस्ट १९२० पर्यंत ते कामात राहिले.

आपल्यापैकी ज्यांना नोकरीपायी वेळेवर पोहोचता आले नाही, त्यांच्या मनात एक अपराधाची भावना वर्षानुवर्षे घर करून असते. अशा वाचकांनी लोकमान्यांचा हा महिना आठवावा, आणि मंडळातील कोणाच्या घरी तशी वार्ता आली तर त्या रात्री त्याला एकटे राहू देऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.