महापौर देशबंधू चित्तरंजन दास

कलकत्ता महानगरपालिकेचे पहिले लोकनियुक्त महापौर म्हणून एप्रिल १९२४ मध्ये चित्तरंजन दासांची निवड झाली, तेव्हा बंगालमधील एका अग्रगण्य वकिलीवर त्यांनी तुळशीपत्र ठेवल्यास तीन वर्षे होऊन गेली होती.

चित्तरंजनांचा जन्म ५ नोव्हेंबर १८७० रोजी कलकत्त्यास एका ब्राह्मसमाजी कुटुंबात झाला. वडील भुवनमोहन व्यवसायाने सॉलिसिटर व हाताने सढळ. त्यांच्या पायी घर कर्जात बुडाले आणि १९०६ साली पितापुत्र दोघांनाही दिवाळे जाहीर करावे लागले. पुढे वकिलीत जम बसताच चित्तरंजनांनी, कायद्याचा कोणताही तगादा नसता, १९१३ मध्ये ते सर्व ऋण फेडले. व्यवहारी जगात असे उदाहरण विरळाच.

त्यांची कीर्ती पसरली ती १९०८-०९ च्या अलीपूर खटल्याने. बडोदे संस्थानच्या सेवेत तपाहून अधिक काळ राहिलेले अरविंद घोष त्यात आरोपी होते. दासांनी महिनोन्‌महिने इतर कामे बाजूस सारून तो खटला चालविला व अरविंद निर्दोष सुटले. याच सुमारास त्यांचे मन वैष्णव भक्तीकडे ओढले जात होते. १९१४ साली त्यांनी काढलेल्या मासिकाचे नाव ‘नारायण’ होते.

महापौरपदावरून त्यांनी जो कार्यक्रम मांडला, त्याच्या मुळाशी हीच वृत्ती होती. गरिबाच्या रूपाने नारायणच नगरात वस्ती करतो, असे ते मानीत. मोफत प्राथमिक शिक्षण, मोफत औषधोपचार, शुद्ध व स्वस्त दूध, मुबलक पाणी, झोपडवस्त्यांची स्वच्छता, गरिबांसाठी घरे, ही त्यांची कलमे होती. मुख्य कार्याधिकारी म्हणून त्यांनी सत्तावीस वर्षांच्या सुभाषचंद्र बोसांना नेमले. सुभाषबाबूंनी तीन हजारांच्या वेतनापैकी निम्मेच स्वीकारले. उपमहापौरपद हुसेन शहीद सुऱ्हावर्दी यांच्याकडे गेले. मुसलमानांना नोकऱ्यांत वाटा देण्याच्या दासांच्या धोरणावर स्वकीयांनीच कठोर टीका केली. १९२३ चा त्यांचा बंगाल करार काँग्रेसने काकीनाडा येथे नाकारला होता. तरी ते डगमगले नाहीत. ज्यांना बरोबर घेऊन स्वराज्य मिळवावयाचे, त्यांना दाराबाहेर ठेवणे त्यांना मान्य नव्हते.

पण काळ अनुकूल नव्हता. २५ ऑक्टोबर १९२४ रोजी सरकारने सुभाषबाबूंना विनाचौकशी अटक केली व पुढे मंडालेस धाडले. महापौरांचा उजवा हातच गेला. नोव्हेंबरात गांधीजी, मोतीलाल नेहरू व दास यांच्यात कलकत्त्यास समझोता झाला आणि डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेसने त्यास मान्यता दिली. स्वराज्य पक्षाला कायदेमंडळात काम करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. दासांची प्रकृती मात्र ढासळत चालली होती.

१९२५ साली ते पुन्हा महापौर निवडले गेले. परंतु १६ जून १९२५ रोजी दार्जिलिंग येथे त्यांचा अंत झाला. पार्थिव कलकत्त्यास आणले गेले, तेव्हा अंत्ययात्रेत गांधीजी होते आणि मार्गावर लोटलेल्या जनसमुदायास सीमा नव्हती. महापौरपदी त्यांचे सहकारी यतींद्रमोहन सेनगुप्त आले. राहते घर दासांनी मृत्यूपूर्वीच राष्ट्रास अर्पण केले होते. तेथे पुढे स्त्रियांसाठी चित्तरंजन सेवासदन हे रुग्णालय उघडण्यात आले.