एका उमेदवाराची हत्या, एका देशाची होरपळ

कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे ७ फेब्रुवारी १९४८ रोजी निघालेल्या मोर्चासारखा मोर्चा त्या देशाने पूर्वी पाहिला नव्हता. सुमारे एक लाख माणसे काळे झेंडे घेऊन शहराच्या मुख्य चौकात जमली, पण एकही घोषणा उठली नाही. खेड्यापाड्यांत लिबरल पक्षाच्या समर्थकांची हत्यासत्रे सुरू होती आणि ती थांबवावीत, एवढेच मागणे काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे अध्यक्ष मारिआनो ओस्पिना पेरेझ यांच्यापुढे मांडायचे होते. ते मांडले होर्हे एलिएसर गायतान यांनी, अत्यंत मोजक्या शब्दांत. त्यांनी शांत राहण्यास सांगितले होते म्हणून लाखाचा जमाव शांत राहिला. सत्ताधाऱ्यांना धडकी भरली ती या शांततेने.

गायतान यांचा जन्म कोणत्याही बड्या घराण्यात झाला नव्हता. वडील जुन्या पुस्तकांचे विक्रेते, आई शिक्षिका. मोजक्या कुटुंबांनी राजकारण आपसांत वाटून घेतलेल्या त्या देशात त्यांचा सावळा वर्ण हा उच्चभ्रूंच्या चेष्टेचा विषय होता. पुढे तेच त्यांचे राजकीय भांडवल ठरले. कायद्याची पदवी घेताना १९२४ मध्ये त्यांनी कोलंबियातील समाजवादी विचारांवर प्रबंध लिहिला आणि नंतर रोम येथे एन्रिको फेरी या नामांकित गुन्हेशास्त्रज्ञांच्या हाताखाली अध्ययन केले. मुसोलिनीच्या इटलीत त्यांनी सभा कशा गाजवतात, हेही पाहिले. विरोधकांनी त्यांना कधी फॅसिस्ट तर कधी कम्युनिस्ट ठरवले.

देशाला त्यांचे नाव कळले ते केळीच्या मळ्यांमुळे. युनायटेड फ्रूट कंपनीच्या मळ्यांतील हजारो मजुरांनी १९२८ च्या अखेरीस संप पुकारला. आठवड्याची सुटी आणि कूपनांऐवजी रोख मजुरी या त्यांच्या मागण्यांपैकी काही होत्या. डिसेंबरमध्ये सिएनागा येथे जमलेल्या संपकऱ्यांवर लष्कराने गोळीबार केला. मृतांचा आकडा सरकारी हिशेबात काही डझन, तर इतरांच्या मते हजारावर. नव्याने संसदेत गेलेले गायतान १९२९ मध्ये स्वतः त्या भागात गेले, साक्षी गोळा केल्या आणि सप्टेंबरमध्ये अनेक दिवस संसदेत हे प्रकरण लावून धरले. गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’मधील मळेमजुरांचे हत्याकांड याच घटनेवर बेतलेले आहे.

पुढची कारकीर्द मात्र सरळ रेषेत गेली नाही. स्वतःचा पक्ष काढून त्यांनी तो दोन वर्षांत गुंडाळला. १९३६ मध्ये बोगोटाचे महापौर झाले, पण टॅक्सीचालकांना गणवेशाची सक्ती केली आणि चालकांच्या संपापायी पद गेले. गरिबांचा कैवारी म्हणवणाऱ्याला गरिबांनीच घालवावे, हा विरोधाभास त्यांच्या चरित्रकारांना नेहमी खुणावत आला आहे. नंतर शिक्षण आणि कामगार ही मंत्रिपदे त्यांनी भूषवली.

१९४६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत लिबरल पक्षाचे दोन उमेदवार उभे राहिले, गॅब्रिएल तुर्बाय आणि गायतान. मते फुटली, सोळा वर्षांची लिबरल सत्ता गेली आणि काँझर्व्हेटिव्ह ओस्पिना निवडून आले. सुमारे साडेतीन लाख मते मिळवून गायतान तिसरे आले. या पराभवातील त्यांच्या हट्टाचा वाटा नाकारता येणार नाही. पण मते मोजून झाल्यावर पक्षाला उमगले, की शहरांतला कामकरी त्यांच्याच मागे आहे. १९४७ मध्ये ते लिबरल पक्षाचे सर्वोच्च नेते झाले. १९५० च्या निवडणुकीत उमेदवार तेच असणार आणि जिंकणारही तेच, असे मानले जाऊ लागले.

९ एप्रिल १९४८ रोजी बोगोटात अमेरिका खंडातील देशांची परिषद भरलेली होती. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल शहरात होते. कोलंबियाच्या शिष्टमंडळात गायतान यांना स्थान नव्हते. आदल्या रात्री उशिरापर्यंत न्यायालयात युक्तिवाद करून त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याला खुनाच्या आरोपातून सोडवले होते. दुपारी एकच्या सुमारास मित्रांसमवेत जेवायला म्हणून ते कार्यालयाबाहेर पडले, तोच हुआन रोआ सिएरा या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तासाभरात रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

रोआ औषधांच्या दुकानात लपला. जमावाने त्याला बाहेर ओढून तिथेच ठार मारले आणि प्रेत फरफटत अध्यक्षीय प्रासादाकडे नेले. खटला उभा राहण्याआधीच आरोपी संपला. तपासासाठी स्कॉटलंड यार्डचे अधिकारी बोलावले गेले, तरी रोआमागे कोणी होते का, या प्रश्नावर कोलंबियात आजतागायत एकमत नाही.

दोन महिन्यांपूर्वी ज्यांनी शब्द न काढता मोर्चा पार पाडला, त्याच शहरातील माणसांनी त्या दुपारी ट्राम जाळल्या, सरकारी इमारती पेटवल्या, दुकाने फोडली. पोलिसांतील अनेक जण दंगेखोरांना मिळाले. मृतांचे अंदाज काही शेकड्यांपासून तीन हजारांपर्यंत जातात. जमावाला थोपवू शकेल असा एकच माणूस होता आणि तोच मारला गेला होता. लिबरल नेते रात्री प्रासादात जाऊन ओस्पिनांशी वाटाघाटी करून आले. रस्त्यावरच्यांना त्यांची भाषा परकी होती. गायतान यांचा दफनविधी अखेर त्यांच्या घरातच झाला. परिषद मात्र पार पडली आणि ३० एप्रिलला अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या सनदेवर सह्या झाल्या.

विद्यार्थी परिषदेसाठी आलेले एकवीस वर्षांचे फिडेल कॅस्ट्रो त्या दिवशी बोगोटात होते. दुपारी त्यांची गायतान यांच्याशी भेट ठरली होती. कायद्याचे विद्यार्थी मार्केझही तिथेच होते. दंगलीनंतर ते कार्टाहेना येथे गेले आणि पत्रकारितेत शिरले.

खेड्यांतील हत्या थांबवण्याची मागणी करणारा गेल्यावर त्या हत्यांना पारावार राहिला नाही. १९४९ ची निवडणूक लिबरल पक्षाने सोडून दिली आणि लाउरेआनो गोमेझ बिनविरोध अध्यक्ष झाले. ‘ला व्हायोलेन्सिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यादवीत सुमारे दोन लाख माणसे मेली. १९५८ मध्ये दोन्ही पक्षांनी सत्ता आळीपाळीने वाटून घेण्याचा करार अमलात आणला. तिसऱ्याला दार बंदच. यादवीत शस्त्र उचललेल्या लिबरल शेतकऱ्यांपैकीच काही जणांनी १९६४ मध्ये फार्क ही बंडखोर संघटना उभारली. तिच्याशी शांतता करार व्हायला २०१६ उजाडावे लागले.

अध्यक्षपदाच्या उमेदवाराला गोळ्या घालण्याचा प्रकारही तिथे थांबला नाही. लुईस कार्लोस गालान १९८९ मध्ये, तर बेर्नार्दो हारामियो आणि कार्लोस पिझारो १९९० मध्ये मारले गेले. २०११ च्या कायद्याने ९ एप्रिल हा दिवस संघर्षातील बळींच्या स्मृतीचा राष्ट्रीय दिवस ठरवला. त्यानंतर १४ वर्षांनी, ७ जून २०२५ रोजी, उमेदवारीच्या शर्यतीतले सिनेटर मिगेल उरिबे तुर्बाय यांच्यावर बोगोटातील सभेत गोळीबार झाला आणि ११ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.