श्रीमंत सयाजीराव गायकवाड आणि ग्रंथसूचीकारांचे शिक्षण

नाशिक जिल्ह्यांत मालेगांवाजवळ कवळाणें नांवाचें एक खेडें आहे. तेथील गायकवाड घराण्यांतील एका शेतकरी कुटुंबांत १८६३ सालीं गोपाळराव नांवाचा मुलगा जन्मास आला. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत शाळेचा व त्याचा संबंध फारसा आलाच नव्हता. १८७५ सालीं बडोद्याचे महाराज मल्हारराव पदच्युत झाले, आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांनीं ह्या मुलास दत्तक घेतलें. हेच पुढें श्रीमंत सयाजीराव महाराज तिसरे ह्या नांवानें सर्व देशांत प्रसिद्धीस आले. त्यांच्या राज्यकारभाराचें वर्णन अनेकांनीं केलें आहे. आम्ही येथें त्यांच्या चरित्रांतील एकच भाग वाचकांपुढें ठेवणार आहों. तो म्हणजे, ग्रंथालयांत काम करणारीं माणसें त्यांनीं कशीं तयार करविलीं, हा होय.

दिवाण सर टी. माधवराव राज्याची विस्कटलेली घडी बसवीत असतां इकडे इलियट साहेब बालराजास शिकवीत होते. ज्या वयांत इतर राजपुत्र काव्यें वाचतात, त्या वयांत महाराज धुळाक्षरें गिरवीत होते. तरीही १८८१ सालीं सर्व अधिकार हातीं आले, तेव्हां ते ह्या जबाबदारीस योग्य ठरले. उत्तम शिक्षक मिळाला असतां माणूस किती पालटतो, ह्याचें ते स्वतःच उदाहरण होते. १८९३ सालीं त्यांनीं अमरेली प्रांतांत सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू केलें व १९०६ सालीं तें राज्यभर लागू केलें. परंतु शाळा सोडल्यावर मुलास वाचावयास कांहींच न मिळाल्यास शिकलेलीं अक्षरें थोड्याच वर्षांत पुसून जातात. शाळेच्या पाठीमागें ग्रंथालय उभें पाहिजे, हें उघड होतें.

१९०६ सालीं महाराज अमेरिकेस गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयें लहानथोर सर्वांस खुलीं असलेलीं त्यांनीं पाहिलीं. दुसरा एखादा श्रीमंत राजा असता, तर पुस्तकांच्या पेट्या विकत घेऊन परतला असता. महाराजांनीं १९१० सालीं शिक्षकच आणविला. न्यू हेव्हन शहरांतील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांस त्यांनीं बडोद्यास नेमलें, आणि राजवाड्यांतील आपल्या संग्रहांतील सुमारें २०,००० ग्रंथ नव्या मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकले.

शिक्षकाची एवढी गरज कां पडावी, असें आमचे विद्यार्थी विचारतील. जुन्या ग्रंथालयांतून पुस्तकांची यादी बांधलेल्या वहींत, पुस्तकें येतील त्या क्रमानें लिहीत. वही भरली कीं दुसरी वही. पांच वर्षांपूर्वीं आलेलें पुस्तक शोधावयाचें, तर सर्व वह्या चाळाव्या, किंवा जुन्या कारकुनाच्या आठवणीवर भरंवसा ठेवावा. तो कारकून निवृत्त झाला कीं त्याच्याबरोबर ग्रंथालयाची किल्लीच गेली! नव्या पद्धतींत प्रत्येक पुस्तकास एक स्वतंत्र कार्ड असे. नवें कार्ड मध्यें कोठेंही घालतां येई, आणि एका विषयाचे ग्रंथ एकत्र राहत.

पण कार्डावर काय लिहावयाचें, हाच खरा प्रश्न. आपल्याच हिंगोली जिल्ह्याचें उदाहरण घेऊं. नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. नामदेवांस आडनांवाखालीं शोधावें कीं नांवाखालीं? पुढील काळांत विष्णुदास नामा नांवाचे कवि होऊन गेले. दोघांच्या रचना एकमेकींत मिसळल्या आहेत. नामदेवांचीं पदें शिखांच्या गुरुग्रंथसाहेबांतही आहेत. तीं गुरुमुखी लिपींत छापलीं, तर त्यांचें कार्ड कोठें ठेवावें? एका कारकुनानें एक उत्तर दिलें व दुसऱ्यानें दुसरें, तर पुस्तक फडताळांत असूनही वाचकास नाहींसेंच होतें. सर्वांनीं एकच उत्तर द्यावें, म्हणून नियम लागतात. आणि सर्वांनीं नियमाचा एकच अर्थ करावा, म्हणून शिक्षण लागतें.

ह्याकरितां १९११ सालीं बडोद्यास ग्रंथपालांचा वर्ग निघाला. हिंदुस्थानांतील अशा शिक्षणाचा हा आरंभ होय. बोर्डन यांनीं ड्यूई यांची दशांश पद्धति व कटर यांची पद्धति ह्यांचा मेळ घालून बडोद्याकरितां एक नवें वर्गीकरण रचलें होतें. १९१२ सालीं ग्रंथालयविषयक एक नियतकालिकही निघालें. त्यांत इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूर असे, म्हणजे खेड्यांतील ग्रंथपालासही नवी विद्या आपल्या भाषेंत मिळे. गांवकऱ्यांनीं ग्रंथालयासाठीं वर्गणी जमविली कीं तितकीच रक्कम प्रांत पंचायत व तितकीच सरकार देई. जेथें ग्रंथालय नव्हतें, तेथें लांकडी पेट्यांतून फिरतीं ग्रंथालयें जात.

१९१३ सालीं बोर्डन स्वदेशीं परतले. परदेशी तज्ज्ञ गेला कीं काम बसतें, असा अनुभव पुष्कळ ठिकाणीं येतो. बडोद्यांत तसें झालें नाहीं, कारण शिकलेलीं माणसें मागें होतीं. गंमत अशी कीं, बोर्डन यांचें वर्गीकरण बडोद्याबाहेर फारसें पसरलें नाहीं; पसरली ती शिक्षणाची कल्पना. १९१५ सालीं लाहोरास डिकिन्सन यांनीं असाच वर्ग चालविला. १९२९ सालीं मद्रासेंत रंगनाथन यांनीं शिक्षणास आरंभ केला, आणि १९३३ सालीं आपलें कोलन वर्गीकरण व १९३४ सालीं सूचीचे नियम प्रसिद्ध केले. २०१० सालीं आर. डी. ए. नांवाची नवी नियमावली निघाली; अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें ती पूर्णपणें अमलांत आणली ती २०१३ सालीं, आपल्या सूचीकारांस आधीं शिकवून. नियम जुने होतात व बदलतात. नियम कां असतो हें ज्यास समजलें, तो नव्या नियमासही सामोरा जातो. ज्यानें तो केवळ पाठ केला, तो बदलाच्या दिवशीं गोंधळतो.

महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजीं मुंबईस निवर्तले. त्यांचें संस्थान पुढें भारतांत विलीन झालें. पण त्यांचें मध्यवर्ती ग्रंथालय बडोद्यांत उभें आहे. पालकांस आमची विनंती आहे कीं, शाळेस ग्रंथ भेट देतांना ते लावणाऱ्या हातांचाही विचार करावा. आणि विद्यार्थ्यांनो, पुस्तक वाचून झाल्यावर तें वाटेल त्या फळीवर ठेवूं नका. चुकीच्या जागीं ठेवलेलें पुस्तक तुमच्या मागून येणाऱ्या मुलापासून हिरावलेलें असतें. बाराव्या वर्षीं अक्षरें शिकूं लागलेल्या एका राजास ही गोष्ट समजली होती. आपणांस ती समजण्यास अडचण कोणती?