एव्हारिस्त गाल्वा : वीस वर्षांचे आयुष्य, पावणेदोन शतकांचे गणित

पॅरिसजवळील बूर्ग-ला-रेन या गावी २५ ऑक्टोबर १८११ रोजी एव्हारिस्त गाल्वाचा जन्म झाला. वडील पुढे त्याच गावाचे नगराध्यक्ष झाले. आई सुविद्य होती. प्रारंभीचे शिक्षण तिनेच दिले. १८२३ साली गाल्वा पॅरिसच्या लुई-ल-ग्रां या नामांकित विद्यालयात दाखल झाला. तेथे लजांद्रचा भूमितीवरील ग्रंथ हाती आला आणि गणिताने त्याला झपाटून टाकले.

यश मात्र सतत हुलकावणी देत राहिले. एकोल पॉलितेक्निक या संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत तो दोनदा अनुत्तीर्ण झाला. १८२९ च्या जुलैत वडिलांनी आत्महत्या केली. दुसरे अपयश त्याच उन्हाळ्यातले. १८३० साली विज्ञान अकादमीकडे पाठविलेला प्रबंध सचिव फूरिये यांच्या निधनानंतर सापडलाच नाही. नव्याने लिहून दिलेला प्रबंध १८३१ मध्ये प्वासाँ यांनी युक्तिवाद स्पष्ट नसल्याचे कारण देऊन नाकारला.

या प्रबंधात एका जुन्या कोड्याचे उत्तर होते. चौथ्या घातापर्यंतच्या समीकरणांसाठी सूत्रे ज्ञात होती. पाचव्या घातासाठी असे सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेलने सिद्ध केले होते. मग नेमके कोणते समीकरण सुटते आणि कोणते नाही? समीकरणाच्या उत्तरांची आपापसांत अदलाबदल करूनही त्यांच्यातील संबंध अबाधित राहतात, अशा अदलाबदलींचा गाल्वाने एक गट मानला. हा गट पायरीपायरीने विभागत गेल्यावर प्रत्येक तुकड्यातील घटकांची संख्या अविभाज्य आली, तरच समीकरण घातमुळांच्या साहाय्याने सुटते. पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणात मात्र ६० घटकांचा एक गट आडवा येतो. तो आणखी विभागताच येत नाही. अशा अभेद्य गटांना आज 'साधे गट' म्हणतात. संख्यांमध्ये अविभाज्य संख्यांचे जे स्थान, तेच गटांमध्ये यांचे.

गाल्वा कडवा प्रजासत्ताकवादी होता. १४ जुलै १८३१ रोजी, बंदी घातलेला तोफखान्याचा गणवेश घातल्याबद्दल त्याला अटक झाली व तुरुंगवास घडला. सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, ३० मे १८३२ रोजी, द्वंद्वात पोटात गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्या द्वंद्वाचे कारण आजही वादग्रस्त आहे.

त्या एका रात्रीत त्याने सारे गणित लिहून काढले, ही आख्यायिका १९३७ साली बेल यांच्या पुस्तकाने लोकप्रिय केली. ती खरी नाही. मुख्य प्रबंध आधीच तयार होता. २९ मे रोजी त्याने तो तपासला आणि ऑग्युस्त शव्हालिए या मित्राला पत्र लिहून आपल्या संशोधनाचा सारांश कळविला. घटकांची संख्या अविभाज्य नसलेल्या अभेद्य गटांत ६० घटकांचा गट सर्वांत लहान, हे विधान त्या पत्रात आहे.

ल्यूव्हील यांनी १८४६ मध्ये हे लेखन प्रसिद्ध केले. पुढे साऱ्या सांत साध्या गटांची यादी करण्याचे आव्हान गणितज्ञांनी स्वीकारले. अनेकांच्या हजारो पानांच्या सिद्धतेतील अखेरची मोठी उणीव २००४ साली भरून निघाली. अनंत मालिकांखेरीज कोणत्याही मालिकेत न बसणारे २६ गट त्या यादीत आहेत. माँपार्नास स्मशानभूमीतील सामायिक कबरीत दफन झालेल्या युवकाने या यादीची पहिली ओळ लिहिली होती. त्याच्या मृत्यूच्या कथेपेक्षा ही ओळ अधिक स्मरणीय आहे.