पाटणचे भास्कराचार्य आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय

आजचं वाचन: उत्पत्ती 1:1-19, ईयोब 26:7, स्तोत्रसंहिता 102:25-27



उत्पत्तीचा पहिला अध्याय निघाला की जळगाव-धुळ्याच्या आपल्या युवक सभांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. सहा दिवस खरे, की 1380 कोटी वर्षं? शिकायला पुण्या-मुंबईला गेलेल्यांना तर हॉस्टेलवर कोणी ना कोणी यावरून छेडतंच. मग काही जण बायबल मिटून ठेवतात, काही विज्ञानाचं पुस्तक. दोन्ही पाहून मला वाईट वाटतं. म्हणून आज भास्कराचार्यांबद्दल लिहितोय. ते ख्रिस्ती नव्हते, त्यांची 'लीलावती' गणेशवंदनेने सुरू होते, आणि त्यांना ओढूनताणून आपल्यात बसवायचा माझा विचार नाही.

जन्म शके 1036, म्हणजे इ.स. 1114. सह्याद्रीजवळचं विज्जलविड हे आपलं गाव, असं ते स्वतः सांगतात. ते नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण त्यांच्या घराण्याची माहिती आपल्या चाळीसगाव तालुक्यात, पाटणला, दगडावर कोरलेली आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या 36व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. (लीलावतीच्या लग्नाची, घटिकापात्रात मोती पडल्याची गोष्ट ऐकली असेल. ती फैजीच्या 1587 च्या फारसी भाषांतरातून पसरली, भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही.) वयाच्या 69व्या वर्षीसुद्धा ते 'करणकुतूहल' लिहीत होते.

गोलाध्यायात ते विचारतात, पृथ्वी कशावर टेकलीय? तिला आधार मानला, तर त्या आधाराला आधार हवा, मग त्यालाही. कुठेतरी थांबून, हे स्वतःच्या शक्तीने उभं आहे, असं म्हणावंच लागतं. मग ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये? ईयोबाच्या पुस्तकातही पृथ्वी अधांतरीच आहे. फरक एवढाच की भास्कराचार्य ती शक्ती पृथ्वीच्या स्वभावात पाहतात, आणि आपण ती देवाच्या हातात पाहतो. हा फरक लहान नाही आणि मी तो झाकणार नाही. सृष्टी पुन्हा पुन्हा होते आणि लय पावते असं ते मानत. आपण एकदाच झालेल्या आरंभावर विश्वास ठेवतो.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच जागा. त्यांच्या गणितात कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, 432 कोटी वर्षांचा. (हा आकडा पृथ्वीच्या आजच्या वयाजवळ जातो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. कल्पाच्या सुरुवातीला सगळे ग्रह एका ठिकाणाहून निघाले आणि कल्पात प्रत्येकाच्या पूर्ण फेऱ्या झाल्या, असं बसवलेलं ते कालमान आहे. खडकांचं वय मोजून ते काढलेलं नाही.) आता ब्रह्मदेवाचं किती आयुष्य सरलं, यावर परंपरेत मतभेद होते. कोणी अर्धं म्हणे, कोणी साडेआठ वर्षं. भास्कराचार्यांनी ते मिटवायचा प्रयत्नच केला नाही. परंपरा कोणतीही असो, इथे तिचा उपयोग नाही, ग्रह चालू दिवसापासून मोजायचे, असं सांगून ते पुढे गेले. श्रद्धा त्यांनी सोडली नाही, फक्त तिच्याकडून गणिताचं काम करून घेतलं नाही.

आपल्याकडे मात्र उलट झालं. आर्चबिशप अशर यांनी वंशावळींवरून जगाची सुरुवात इ.स.पू. 4004 अशी काढली, आणि पुढे ती तारीख इंग्रजी बायबलांच्या समासात छापली गेली. लोकांना ती वचनाचाच भाग वाटू लागली. खरं तर आजच्याच वाचनात सूर्य चौथ्या दिवशी येतो. मग पहिले तीन दिवस कोणत्या घड्याळाने मोजायचे?

भास्कराचार्यांनंतर सुमारे आठशे वर्षांनी बेल्जियममध्ये जॉर्ज लमेत्र नावाच्या एका कॅथलिक याजकाने जवळपास हेच केलं. विश्व पसरतंय हे त्यांनी 1927 मध्ये मांडलं, आणि 1931 मध्ये त्याची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली असं सुचवलं. आज ज्याला आपण बिग बँग म्हणतो, त्याचं हे मूळ. 1951 मध्ये पोपनी या शोधांमध्ये निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र खूश झाले नाहीत. माझ्या सिद्धान्तावर देवाचा पुरावा उभारू नका, अशी त्यांची भूमिका होती. रोज प्रार्थना करणारा हा माणूस समीकरणांना मात्र समीकरणंच राहू देत होता.

बीजगणितात भास्कराचार्य शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हणतात. तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही. त्यासाठी त्यांनी उपमा दिली आहे ती अनंत, अच्युत देवाची: सृष्टीच्या वेळी असंख्य जीव त्याच्यातून निघतात, प्रलयात परत जातात, त्याच्यात काही फरक पडत नाही. 102वं स्तोत्र वाचताना मला हे पान आठवतं. तिथे पृथ्वी आणि आकाश वस्त्रासारखी जुनी होतात, आणि देव तोच राहतो.

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला. नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. 1207 च्या सुमाराचा तो शिलालेख भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी मराठीत आहेत. त्या मठाला बाजारातून काय काय द्यायचं, याचा तो हिशेब आहे.

उद्या उत्पत्ती 1:20 पासून पुढे.