सोमवारी कामाला, रविवारी शर्यतीला

आमच्या होस्टेलवर कोणी बाईकचा सायलेन्सर काढला की ती लगेच ‘रेसिंग’ होते. सिग्नलला बंद पडते ती गोष्ट वेगळी! अशा वेळी मला व्हिक एडेलब्रॉक आठवतो.

१९१३ साली कॅन्ससमध्ये जन्म. घरचं किराणा दुकान जळालं नि १४ व्या वर्षी शाळा सुटली. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियाला आला, पुढे स्वतःचं गॅरेज टाकलं. १९३८ साली त्याने १९३२ ची फोर्ड रोडस्टर घेतली. तिच्या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनात एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच जाते, म्हणून पाणी पटकन तापतं. तरी हा पठ्ठ्या तिच्यावर स्वतः डिझाइन केलेला दोन कार्बोरेटरचा ‘स्लिंगशॉट’ मॅनिफोल्ड बसवून रोज तीच गाडी वापरायचा. शर्यतीलाही तीच चालवत मोहावे वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर न्यायची. तिथे मडगार्ड, दिवे काढायचे, पळवायची, पुन्हा सगळं लावून घरी! नोव्हेंबर १९४१ मध्ये तिने ताशी १२१.४२ मैल, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटर वेग गाठला.

माझ्या मते खरी स्ट्रीट कार हीच. नुसती पॉवर काढता येते हो. पण ट्रॅफिकमध्ये आयडलला शांत उभं राहणं, रेडिएटर न उकळणं, सोमवारी सकाळी पहिल्या सेल्फला स्टार्ट होणं, तिथेच भल्याभल्यांची दांडी उडते.

महिन्याभरात अमेरिका युद्धात उतरली, शर्यती थांबल्या. युद्धानंतर एडेलब्रॉकने सुट्या भागांचा धंदा वाढवला. १९६२ मध्ये, अवघ्या ४९ व्या वर्षी तो कॅन्सरने गेला. ती रोडस्टर मात्र पुढे दुरुस्त करून जपली गेली.